ताप : वैरी की पहारेकरी?

घरातील एखादे मूल तापाने फणफणले की त्या रात्री घरात कोणालाही झोप लागत नाही. आई उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत असते. आजी म्हणते, "अंगावर दोन गोधड्या घाला, घाम सुटला की ताप आपोआप उतरेल." वडील म्हणतात, "गोधड्या नकोत. गोळी द्या आणि पंखा लावा." थर्मामीटर दर अर्ध्या तासाने काखेत जातो, आणि त्यावरील आकडा किंचित जरी वर सरकला तरी सर्वांचे चेहरे उतरतात. वाचकहो, हा प्रसंग आपल्या घरी कधीच घडला नाही असे सांगणारे आपणांत फारच थोडे असतील. त्या रात्री आपणही मनाशी हेच धरून चालला असाल की ताप हाच रोग, आणि तो उतरविणे हाच उपचार.

या समजुतीत थोडे तथ्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी झुंजणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांच्यावर उष्णतेचा काय परिणाम होतो याचा शोध गेली कित्येक वर्षे निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे. त्यातून जे दिसून आले ते मोठे उद्बोधक आहे. उष्णता या पेशींना जागे करते, त्यांची पावले उचलती करते; परंतु हे सारे एका अरुंद मर्यादेच्या आत घडते. ती मर्यादा ओलांडली की तीच उष्णता घातक ठरते. ही मर्यादा समजून घेणे आपल्या घरातील मुलांच्या आणि वृद्धांच्या हिताचे असल्यामुळे हा विषय आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

तीन प्रकारची उष्णता

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजेच ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. सकाळ-संध्याकाळ त्यात थोडा चढउतार होतो. परंतु बाहेर थंडी असो वा कडक ऊन असो, आतील आकडा फारसा ढळत नाही. हा आकडा राखण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग करतो. तापमान वाढू लागले तर तो घाम आणवितो. घटू लागले तर अंगावर काटा आणि कापरे आणतो.

शरीरात रोगजंतू शिरले म्हणजे त्यांच्याशी गाठ पडलेल्या पांढऱ्या पेशी रक्तातून एक रासायनिक निरोप मेंदूकडे धाडतात. हा निरोप पोहोचला की मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि हायपोथॅलॅमस आपला ठरलेला आकडा ३७ वरून ३९ वर नेऊन ठेवतो. आता शरीराला ३७ अंशही थंड वाटू लागतात. म्हणूनच ताप चढताना आपल्याला हुडहुडी भरते आणि भर दुपारी पांघरूण घ्यावेसे वाटते. ॲस्पिरिनसारखी औषधे हे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांत ते एक होते.

येथे वाचकांनी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली म्हणजे ताप. यात शरीर आपण होऊन आपला आकडा वाढविते. दुसरी उष्माघात, यात आकडा ३७ वरच असतो, पण बाहेरच्या प्रखर उष्णतेपुढे शरीर हतबल होते आणि तापमान ४० अंशांच्या वर निघून जाते. उष्माघातावर तापाच्या गोळीचा काहीही उपयोग होत नाही, याचे कारण हेच. तिसरी गोष्ट म्हणजे उष्णतोपचार. यात निरोगी वा आजारी माणसाचे सर्व शरीर बाहेरून, हेतुपुरस्सर आणि देखरेखीखाली तापविले जाते. या तिसऱ्या मार्गाने तापाचे गुण मिळविता येतील काय, हा आजच्या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

घाम काढण्याची जुनी विद्या

सर्वांग शेकण्याची कल्पना नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाध्याय नावाचा एक स्वतंत्र अध्याय असून त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे १३ प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी जेंताक हा प्रकार वाचताना फिनलंडमधील सौनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वर्तुळाकार खोली, मध्यभागी मातीची भट्टी, भिंतीलगत कट्टा, आणि त्या कट्ट्यावर घाम सुटेपर्यंत पडून राहणारा रुग्ण, असे ते वर्णन आहे. विशेष हे की, स्वेदन कोणास करू नये याचीही यादी तेथेच दिली आहे. गर्भवती स्त्री, नित्य मद्य पिणारा, मधुमेही, रक्तपित्ताचा रोगी अशांना चरकांनी यातून वगळले आहे. उष्णता गुणकारी असली तरी ती सर्वांना मानवत नाही, हे भान त्या काळीही होते.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे आणि तेथील सौनांची संख्या ३० लाखांच्या घरात जाते. युनेस्कोने २०२० साली या सौना-संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. आपल्याकडे महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळील उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि निसर्गोपचाराच्या परंपरेत बाष्पस्नानाला पूर्वीपासूनच स्थान आहे. बाळंतिणीची शेक-शेगडी तर आपल्या घराघरांतून चालत आलेली.

या साऱ्यांमागे अनुभव होता. पण उष्णतेने शरीराच्या आत नेमके काय होते, हे कोणास ठाऊक नव्हते. ते कळावयास ताप हाच औषध म्हणून वापरून पाहणारे काही धाडसी, आणि क्वचित अविचारी म्हणावेत असे डॉक्टर पुढे यावे लागले.

डॉक्टरांनी मुद्दाम आणलेला ताप

न्यूयॉर्कमधील विल्यम कोली हे तरुण शस्त्रवैद्य १८९१ च्या सुमारास एका दुःखाने अस्वस्थ झाले होते. हाडाच्या कर्करोगाने पछाडलेली एक अवघ्या सतरा वर्षांची मुलगी शस्त्रक्रिया करूनही त्यांच्या देखत दगावली होती. रुग्णालयातील जुनी टिपणे चाळता चाळता त्यांना एका माणसाची नोंद सापडली. त्याच्या मानेवरील गाठ वारंवार कापूनही पुन्हा वाढत होती. पुढे त्याला विसर्प या त्वचारोगाची लागण झाली, सणसणून ताप आला, आणि तो ताप उतरला तेव्हा गाठ विरघळून गेलेली होती. कोलींनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून हिंडून त्या माणसाला शोधून काढले. तो धडधाकट होता.

त्यानंतर कोलींनी रुग्णांना आधी जिवंत जंतू टोचून पाहिले. परंतु त्यात जिवाला धोका होता. म्हणून पुढे ते मारलेल्या जंतूंचे मिश्रण टोचू लागले. टोचल्यावर ताप यावा, असा त्यांचा आग्रह असे. काही रुग्ण आश्चर्यकारक रीतीने बरे झाले. पुष्कळांना गुण आला नाही. परिणामाचा भरवसा नसल्यामुळे आणि क्ष-किरणांचे नवे साधन हाती आल्यामुळे कोलींचा उपचार मागे पडला. तथापि शरीराची प्रतिकारशक्ती चेतविली तर ती कर्करोगाशीही लढू शकेल, ही त्यांची कल्पना वाया गेली नाही. २०१८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळाले, ते याच वाटेवर बरेच पुढे गेल्याबद्दल.

दुसरी हकीकत व्हिएन्नाची आहे. उपदंशाचा रोग मेंदूत शिरला म्हणजे रुग्ण भ्रमिष्ट होऊन काही वर्षांत मरण पावत असे. अशा काही रुग्णांना मध्येच जोराचा ताप येऊन गेल्यावर सुधारणा झाल्याचे यूलियस वाग्नर-याउरेग या मनोविकारतज्ज्ञांच्या पाहण्यात आले होते. त्यांनी १९१७ साली एका हिवतापी सैनिकाचे रक्त घेऊन ९ रुग्णांना हिवताप दिला, आणि काही पाळ्या होऊन गेल्यावर क्विनीन देऊन तो थांबविला. त्यांपैकी ६ जणांत मोठी सुधारणा दिसली, मात्र ती सर्वांच्या बाबतीत टिकली नाही. ज्या रोगावर काहीच उपाय नव्हता त्यावर हा पहिला उपाय होता. म्हणून १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हिवताप हा पाळीव प्राणी नव्हे. या उपचारात दगावणाऱ्यांची संख्याही थोडी नव्हती, आणि भ्रमिष्ट रुग्णाची संमती कोणी, कशी घ्यावयाची, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारलाच गेला नाही. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही.

रोग न देता केवळ ताप देता येईल काय? अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लघुलहरी प्रक्षेपकाजवळ काम करणाऱ्या माणसांचे अंग तापते, हे तेथील संशोधनप्रमुख विलिस व्हिटनी यांच्या ध्यानात आले. त्यातून १९३० च्या सुमारास ताप आणणारी यंत्रे निघाली. ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग या संशोधकाच्या साहाय्याने उष्ण, दमट हवेची पेटी तयार झाली. रुग्णाचे डोके बाहेर, उरलेले शरीर आत, आणि तापमान काही तास ४१ अंशांच्या आसपास. परिचारिका क्षणभरही दूर जात नसत. उपदंश आणि परमा यांवर हा उपचार पुष्कळ दिवस चालला. पुढे १९४३ पासून पेनिसिलीन उपदंशावर वापरले जाऊ लागले, आणि जंतू मारण्यासाठी माणसाला भाजून काढण्याची गरज उरली नाही.

वाळवंटातील सरड्याची साक्ष

या साऱ्या प्रयत्नांत एक मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला होता. ताप शरीराच्या उपयोगी पडतो, की तो रोगाचा केवळ धूर आहे? याचे उत्तर मिळाले ते एका सरड्याकडून.

डेझर्ट इग्वाना हा अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा सरडा थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. हवे तेवढे तापमान तो उन्हात किंवा सावलीत सरकून मिळवितो. मिशिगन विद्यापीठातील मॅथ्यू क्लुगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ च्या सुमारास अशा सरड्यांना जंतू टोचून एका बाजूस ऊब व दुसऱ्या बाजूस गारवा असलेल्या जागेत मोकळे सोडले. आजारी सरडे एरवीपेक्षा सुमारे २ अंश अधिक उष्ण जागी जाऊन बसू लागले. त्यांना ताप येत नव्हता. त्यांनी तो चालत जाऊन आणला.

पुढच्या वर्षी त्यांनी जंतू टोचलेल्या सरड्यांचे पाच गट केले आणि त्यांना ३४, ३६, ३८, ४० आणि ४२ अंश तापमानात ठेवले. सर्वांत थंड गटातील सरडे चार दिवसांच्या आत मरून गेले. जसजसे तापमान अधिक, तसतसे वाचणाऱ्यांचे प्रमाणही अधिक आढळले. नंतरच्या प्रयोगात आजारी सरड्यांना ताप उतरविणारे औषध दिले. ज्यांचा ताप त्याने दबला ते दगावले. औषध घेऊनही ज्यांनी अंग तापवून घेतले ते वाचले. मासे, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी अशा सर्वांत तापाची ही रीत आढळते. तापाला शक्तीचा खर्च मोठा पडतो. तापमान एका अंशाने वाढले की शरीराचा उष्मांकांचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. इतकी महाग वस्तू निसर्गाने कोट्यवधी वर्षे उगाच सांभाळून ठेवली नसती.

पेशींच्या दारात

आता आपण विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचलो. उष्णतेमुळे प्रतिकार करणाऱ्या पेशींत नेमका कोणता फरक पडतो?

प्रथम या पेशींचे काम थोडक्यात पाहू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत लसिकापेशी म्हणून एक जात आहे. त्यातील टी-पेशी विशिष्ट शत्रूला ओळखून त्याच्यावर तुटून पडतात. परंतु यातील प्रत्येक पेशी एखादाच शत्रू ओळखते. एखाद्या विवक्षित जंतूला ओळखणारी पेशी लाखात एखादीच असते. शत्रूचा पुरावा बहुधा मान, काख, जांघ येथील लसिकाग्रंथींत आणून ठेवलेला असतो. घसा सुजल्यावर जबड्याखाली ज्या गाठी हाताला लागतात, त्याच या ग्रंथी. म्हणजे गावोगाव हिंडणाऱ्या लाखो पहारेकऱ्यांपैकी नेमका एक त्या चावडीवर वेळेत पोहोचला पाहिजे, तरच चोराची ओळख पटावयाची. जितके अधिक पहारेकरी चावडीत ये-जा करतील, तितकी ही भेट लवकर होईल.

अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेत शॅरन इव्हान्स आणि एलिझाबेथ रेपास्की या दोन संशोधिकांनी नेमका हाच प्रवास अभ्यासला. त्यांनी उंदरांचे सर्व शरीर सुमारे ३९.५ अंशांपर्यंत, म्हणजे १०३ फॅरनहाइटच्या तापाइतके, तापविले आणि काही तास तसेच ठेवले. तेव्हा रक्तातून लसिकाग्रंथींत शिरणाऱ्या लसिकापेशींची संख्या ठळकपणे वाढलेली दिसली. ग्रंथींच्या आत ज्या विशेष सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात, त्यांच्या भिंतीवर पेशींना धरून ठेवणारी प्रथिने उष्णतेमुळे वाढतात, हे त्याचे कारण. वाहत्या रक्तातील पेशी त्या भिंतीला चिकटते आणि आत शिरते. इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य या घडामोडीत मध्यस्थाचे काम करते, हे त्यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केले. हा फरक अंगभर सर्व रक्तवाहिन्यांत होत नाही. जेथे पेशींनी थांबावयाचे, तेथेच दार किलकिले होते.

दार उघडले; पण पहारेकऱ्याचे काय? त्याचा उलगडा २०१९ साली चीनमधील शांघाय येथील शास्त्रज्ञांनी केला. उष्णतेचा ताण पडला की पेशी आपल्या बचावासाठी काही प्रथिने बनवितात. त्यांना उष्माघात-प्रथिने म्हणतात. त्यांपैकी एचएसपी-९० हे प्रथिन टी-पेशीच्या पृष्ठभागाशी जाऊन तेथील चिकटणाऱ्या रेणूंना एकत्र आणते व कार्यक्षम करते, असे त्यांना आढळले. हे घडण्यासाठी तापमान ३८.५ अंशांच्या, म्हणजे सुमारे १०१.३ फॅरनहाइटच्या, आसपास किंवा वर जावे लागते. ज्या उंदरांत प्रथिन आणि रेणू यांची ही जोडणी मुद्दाम बिघडवून ठेवली, त्यांना जंतुसंसर्गाशी नीट लढता आले नाही. किरकोळ कणकण आणि खरा ताप यांत पेशीदेखील फरक करतात, हे यावरून दिसते.

पेशींच्या अंगबळावरही उष्णतेचा परिणाम होतो. शत्रूने ग्रासलेली किंवा बिघडलेली पेशी ठार करणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशी' तापाच्या तापमानात अधिक जोमाने काम करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु या जोमाची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली ३९ अंशांत वाढविलेल्या टी-पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पेशी अधिक वेगाने वाढल्या, अधिक आक्रमक झाल्या. पण त्यांच्या एका गटात ऊर्जा तयार करणारी आतली यंत्रणा ताणाखाली आली आणि आनुवंशिक द्रव्यालाही इजा झाली. काही पेशी त्यातच मेल्या. ज्या तगल्या, त्या आधीपेक्षा अधिक समर्थ होऊन निघाल्या. उष्णता ही या पेशींची तालीम आहे आणि कसोटीही आहे. चार दिवसांच्या तापात हा व्यवहार लाभाचा ठरतो. महिनोन्महिने धुमसत राहणाऱ्या दाहात तोच हानिकारक ठरावा, यात नवल नाही.

सौनाची खोली आणि टबातील पाणी

मग रोज बाष्पस्नान घेतले, तर आपलीही प्रतिकारशक्ती वाढेल काय? वाचकांच्या मनात हा प्रश्न आला असेलच. कारण उष्ण पेटीत बसवून 'प्रतिकारशक्ती वाढवून देऊ' म्हणणाऱ्या जाहिराती आता लहान शहरांतही दिसू लागल्या आहेत.

पोलंडमधील संशोधकांनी २०१३ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ९ धावपटू आणि ९ सामान्य माणसे यांना पंधरा मिनिटे सौनात बसविले असता त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली आढळली. परंतु या वाढीचा अर्थ जपून लावला पाहिजे. उष्णतेने हृदय जोरात चालते, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी व प्लीहेत विसावलेल्या पेशी प्रवाहात येतात. व्यायामानेही असेच होते. पहारेकरी रस्त्यावर आले, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यांनी चोर पकडले, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात झालेला आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. २० निरोगी तरुण स्त्री-पुरुषांना तीन वेगवेगळ्या प्रसंगी तीन प्रकारे तापविण्यात आले: गरम पाण्याच्या टबात, कोरड्या सौनात आणि अवरक्त किरणांच्या सौनात. टबातील पाणी अवघे ४०.५ अंशांचे होते, तर कोरड्या सौनातील हवा ८० अंशांची. तरीही शरीराच्या आतील तापमान टबातच सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे १.१ अंशाने वाढले, आणि प्रतिकारपेशींत व रक्तातील संबंधित द्रव्यांत फरक दिसला तोही टबातील स्नानानंतरच. कारण उघड आहे. कोरड्या हवेत घाम सुकतो आणि शरीर थंड राहते. मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचा घाम सुकणार कोठे? यावरून धडा असा की, खोली किती तापली याला महत्त्व नाही. शरीर आतून किती तापले, याला आहे. नुसती कातडी लाल झाली म्हणजे पेशी जाग्या झाल्या, असे होत नाही.

आणि ज्या मार्गाने शरीर आतून तापते, त्याच मार्गात धोकाही असतो. ओरेगॉनमधील माणसे तरुण, निरोगी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होती. सत्तरीतील हृदयरोग्याने किंवा गर्भवतीने घरच्या घरी हा प्रयोग करणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

कर्करोग आणि उष्णता

ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे, त्यांच्या कानांवर 'उष्णतेने गाठ विरघळते' असे कोणी ना कोणी घालतेच. दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. म्हणून येथे स्पष्ट बोलणे भाग आहे.

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे १९७४ च्या सुमारास असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना भूल देऊन वितळलेल्या मेणाने वेढीत आणि त्यांच्या शरीराचे तापमान जवळजवळ ४२ अंशांवर नेत. येथे प्रतिकारपेशी जागविण्याचा नव्हे, तर कर्कपेशी उष्णतेने थेट मारण्याचा हेतू होता. काही गाठी आकसल्या. पण या तापमानाला यकृत, हृदय आणि मेंदू यांनाही इजा पोहोचते, शिवाय प्रतिकारपेशींचे कामही मंदावते. अशा रीतीने सर्व शरीर तापविणे हा कर्करोगावरील सर्वमान्य उपचार आजही झालेला नाही.

केवळ रोगग्रस्त भाग तापविण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मृदू ऊतींच्या कर्करोगाच्या ३४१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. औषधोपचाराला त्या भागापुरत्या उष्णतेची जोड मिळाल्यास रोग अधिक काळ आटोक्यात राहतो, असे त्यात दिसले. 'औषधोपचाराला जोड' हे शब्द वाचकांनी विसरू नयेत. शस्त्रक्रिया, औषधे वा किरणोपचार सोडून निव्वळ उष्णतेच्या भरवशावर राहणाऱ्या रुग्णाचा मोलाचा वेळ वाया जातो, आणि तो वेळ पुन्हा मिळत नाही.

घरात काय करावे

आता आपण पुन्हा त्या रात्रीच्या खोलीत जाऊ. आजी, आई आणि वडील यांच्यापैकी कोणाचे खरे?

प्रत्येकाचे थोडे थोडे. ताप शरीराच्या कामी येतो, ही आजीची जाण बरोबर आहे. परंतु तापलेल्या मुलाला गोधड्यांत गुंडाळणे बरोबर नाही. शरीराने आपला आकडा स्वतःच ठरविलेला असतो; वरून कोंडलेली उष्णता त्यात अकारण भर घालते. हुडहुडी भरली असेल तेवढा वेळ हलके पांघरूण पुरे. आईच्या घड्यांनी मुलाला बरे वाटत असेल तर त्या साध्या पाण्याच्या असाव्यात. बर्फाच्या किंवा अगदी गार पाण्याच्या नकोत, कारण त्याने कापरे भरते आणि शरीर आणखी तापते. वडिलांची गोळीही वर्ज्य नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील अतिदक्षता विभागांतील ७०० रुग्णांच्या चाचणीत पॅरासिटॅमॉल दिल्याने ना विशेष लाभ दिसला, ना अपाय. हा निष्कर्ष २०१५ सालचा आहे. तेव्हा मूल कळवळत असेल, पाणीही घेत नसेल, तर वजनाप्रमाणे योग्य मात्रेत औषध द्यावे. मूल खेळत असेल, पीत असेल, तर केवळ थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी औषधाची घाई करू नये. औषधाने आकडा उतरतो, रोग उतरतोच असे नाही. तापाच्या झटक्यांनाही त्याने खात्रीने आळा बसत नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन कोणीच घेऊ नये.

तथापि ताप पहारेकरी आहे म्हणून त्याच्या हाकेकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नव्हे. पहारेकरी ओरडतो, तेव्हा चोर आलेला असतो. तीन महिन्यांहून लहान बाळाचा ताप १०० अंशांपलीकडे गेला, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठावा. मूल सुस्तावले, श्वास जोराने चालू लागला, मान ताठ झाली, अंगावर पुरळ उठले, झटका आला किंवा लघवी होईनाशी झाली, तर क्षणाचाही विलंब नको. आपल्या देशात हिवताप, डेंग्यू, विषमज्वर यांचा वावर असल्याने दोन-तीन दिवसांत न हटणाऱ्या तापात रक्ततपासणी टाळू नये. आणि उन्हातून आलेल्या माणसाचे अंग भाजत असेल, तो असंबद्ध बोलत असेल, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. त्याला तत्काळ सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात पोहोचवावे.

कोली, वाग्नर-याउरेग आणि डेटनच्या पेटीजवळ जागणाऱ्या त्या परिचारिका यांच्या काळात पेशींची ही दारे कोणी पाहिली नव्हती. आज ती दिसू लागली आहेत. ३८.५ ते ४० अंश एवढ्या अरुंद पट्ट्यात आपल्या रक्तातील पहारेकरी अधिक तत्पर होतात; त्याच्या फार वर गेले की घर आणि पहारेकरी दोन्ही धोक्यात येतात. बाहेरून शरीर तापवून याच लाभाचा उपचार म्हणून उपयोग करता येईल काय, याचा शोध अजून चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत जाहिरातीतल्या पेटीवर पैसे उधळण्यापेक्षा शरीराने स्वतः ठरविलेली मर्यादा ओळखणे शहाणपणाचे.

पुढच्या वेळी आपल्या घरात अशी रात्र येईल, तेव्हा थर्मामीटरकडे पाहण्याआधी मुलाच्या तोंडाकडे पाहावे. ते ओळख देत आहे काय, दोन घोट पाणी पीत आहे काय, कुशीवर वळून झोपत आहे काय? तसे असेल तर उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा, दिवा मंद करावा आणि आळीपाळीने जागावे. आतले पहारेकरीही जागेच असतात.